दुसा होण्याआधी

माणदेशात जनावरांचा बाजार दातांवर चालतो. खोंडाच्या तोंडात सगळे दुधाचेच दात असले तर तो आदत. मधले दोन पडून त्या जागी रुंद, पक्के दोन आले की दुसा, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचा. चार बदलले की चौसा, मग सहादाती, आणि आठही बदलले की जुळला; तेव्हा वय साडेचार-पाचाच्या घरात गेलेलं असतं. शर्यतीच्या मैदानातही आदत, दुसा, चौसा असेच गट पडतात. खिलार घेणारा माणूस शिंगं बघतो, खांदा बघतो, चाल बघतो, पण ओठ खाली ओढून दात बघितल्याशिवाय पैशाची गोष्ट काढत नाही. बघायचं ते खालच्याच जबड्यात. गाय-बैलाला वरचे पुढचे दात नसतात, तिथं नुसती कडक गादी असते.

आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीला सिद्धनाथाच्या पौषातल्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. त्या बाजारात एका गाडीच्या सावलीला दोन माणसांचं बोलणं रंगलं आणि मी त्यांच्यामध्ये बसलो होतो. एक आबा, म्हसवडकडचे, पंचाहत्तरीचे, जनावरांत हयात गेलेले. दुसरी त्यांची पुतणी. ती साताऱ्यात दातांची डॉक्टर आहे आणि तिच्याकडे येतात ती बहुतेक लहान मुलंच. आम्ही तिला ताई म्हणतो. निमित्त होतं आबांच्या साडेसहा वर्षांच्या नातवाचं. त्याचा खालचा पुढचा दात हलायला लागला होता. मी त्याच भागात शाळेत शिकवतो. पहिलीचा वर्ग म्हणजे दात हलणाऱ्या मुलांचाच वर्ग, त्यामुळे मला या बोलण्यात रस होता. त्या दोघांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत मांडतो. मधूनमधून माझं मत येईल.

आबा : आगं, तू दाताची डाक्टर, आन् ह्या पोराचा दात चार दिस झालं लोंबतोय. दोरा लाव आन् दे एक हिसका. आमच्या आईनं आमचं सगळं दात आसंच काडलं.

ताई : लोंबत नाही आबा, हलतोय. हलणं वेगळं आणि लोंबणं वेगळं.

आबा : हालला म्हंजी पडनारच की. पडनाऱ्याला ठिवायचं कशापायी?

ताई : मला सांगा, हा समोरचा खोंड आदत आहे ना? त्याला दुसा करायला तुम्ही त्याचे दुधाचे दात दोरा लावून काढणार का?

आबा : खुळी का काय! जनावराचं दात कोन काडतंय? त्याचं त्येच पाडतंय. कवा पडला ह्ये दावनीला बी कळत न्हाई.

ताई : मग नातवाचीच घाई का?

आबा : खोंड रडत न्हाई, म्हनून. खोंड वैरन टाकून उठत न्हाई. ह्ये पोरगं दोन दिस भाकरी चावना झालंय. त्याला कुनीतरी सांगितलंय, दात गिळला तर पोटात दाताचं झाड उगवतं. रातचं दचकून उठतंय. आमी दोरा दाताला लावत न्हाई बाई, त्याच्या भ्याला लावतो. एक हिसका, वाईच रगत, आन् भ्या संपलं.

आबांचं हे म्हणणं मला सहज बाजूला टाकता येत नाही. वर्गात मी बघतो. दात हलायला लागला की बोलकं पोर तोंडावर हात धरून बसतं, कविता म्हणायला उठत नाही, डब्यातली भाकरी दुसऱ्याला देऊन टाकतं. आपल्या अंगाचा एखादा तुकडा सुटून येतोय, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असतं. आपण मोठी माणसं हसतो आणि पुढं जातो. चावण्याच्या कामाचा नाही म्हणून दात मोकळा करणारा आजा निदान त्या पोराच्या भीतीची दखल घेतो.

ताईनं त्यावर वाद घातला नाही. तिनं पोराला जवळ ओढलं आणि त्यालाच सांगायला सुरुवात केली.

ताई : दात गिळला तरी काही होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परसाकडे जाताना निघून जातो. झाड फक्त बियाचं येतं. आता ऐक. तुझ्या या दाताला खाली मूळ होतं, वर दिसतो त्या भागापेक्षाही लांब. तू दोन-तीन वर्षांचा झालास तोवर ते पुरं तयार झालं. पण त्याच वेळी त्याच्या खाली, जिभेच्या अंगाला, हाडात दुसरा दात घडत होता. त्याच्याभोवती एक पातळ पिशवी असते. तो वर सरकायला निघाला की त्या पिशवीकडून इशारा जातो आणि तुझ्या मुळाशी काही खास पेशी गोळा होतात. त्या मुळाला चिकटून बसतात आणि आम्ल सोडतात. आम्लानं मुळातले खनिज क्षार विरघळतात, मागं राहिलेला चिवट भाग त्यांच्यातले पाचक रस संपवतात. असं महिनोन् महिने चालतं.

आबा : म्हंजी पोराचं शरीरच दाताची मुळी खातंय?

ताई : होय. या पेशींना आम्ही ऑडोंटोक्लास्ट म्हणतो. मोडलेलं हाड सांधल्यावर त्याला आकार देणाऱ्या पेशी असतात, त्यांच्याच भावकीतल्या. दुधाचा दात वरून सुटत नाही आबा, तो खालून संपत जातो. शेवटी धरून ठेवायला काही उरत नाही आणि जिभेच्या धक्क्यानं नाहीतर भाकरीच्या घासाबरोबर तो निघून येतो.

आबा : आरं तिच्या! म्हनून पडल्याल्या दाताला मुळी नसती. आमची आई म्हनायची, मुळी आतच ऱ्हायली, आता पक्का दात वाकडा यील.

ताई : मुळी आत राहत नाही. ती आधीच संपलेली असते. पडलेला दात खालून पोकळ दिसतो तो त्यामुळंच.

आबा : आन् काल गदागदा हालत व्हता, आज घट्ट झालाय, ते काय? आमची मालकीन म्हनती, पोराचं नाटक हाय.

ताई : नाटक नाही. त्या पेशी सलग काम करत नाहीत. मधेच थांबतात, आणि थांबल्या की शरीर खाल्लेल्या जागी नवा थर चढवतं. चार दिवस दात पुन्हा घट्ट वाटतो. मग परत झीज सुरू होते. झीज जास्त, भर कमी, म्हणून शेवटी दात पडतोच. आता तुम्ही मधल्या वेळात, मूळ अर्धंमुर्धं शिल्लक असताना हिसका दिलात, तर ते मोडतं, हिरडी फाटते, रक्त जास्त येतं. आणि तुम्ही म्हणता ती भीती? ती जात नाही. उरलेल्या १९ दातांसाठी ती पक्की बसते.

आबा गप्प झाले. दुधाचे दात २० असतात हे त्यांना माहीत होतं, पण पहिला हिसका पुढच्या एकोणिसांवर जातो असा हिशेब त्यांनी केलेला नव्हता.

आबा : मग बगत बसायचं?

ताई : जिभेनं, स्वच्छ बोटानं त्याला हलवू दे. काकडी, गाजर, भाकरी खाऊ दे. दात हिरडीच्या नुसत्या पदरावर राहिला आणि पोरगंच म्हणालं ‘काढ’, तर स्वच्छ फडक्यात धरून हळू पीळ द्या. एवढ्याला माझी ना नाही. नंतर फडक्याची घडी दहा मिनिटं दाताखाली दाबून धरायला लावा, रक्त थांबतं.

आबा : म्हंजी हिसका माजा न्हाई, सांगनं पोराचं.

ताई : हां.

इथपर्यंत दोघांचं जमलं. मधल्या काही गोष्टी भराभर झाल्या. आबांच्या एका नातीला दुधाचे दात पडायच्या आतच मागं दुसरी रांग आली होती आणि घरात रडारड झाली होती. ताई म्हणाली, खालच्या पुढच्या दातांना हे नेहमी होतं, कारण ते घडतातच जिभेच्या अंगाला. पुढचा पडला की जीभ मागच्याला रेटत ओळीत आणते. दोन-तीन महिन्यांत दुधाचा दात हललाच नाही तर दाखवायचं. नवे दात पिवळसर, दातेरी कडेचे आणि मोठे दिसतात, वरच्या दोघांत फट पडते. ती फट बहुतेक मुलांत सुळे येईपर्यंत, अकरा-बाराव्या वर्षापर्यंत, आपोआप मिटते. तेवढ्यासाठी कुणी तारा बांधायची घाई करू नये. आणि चार वर्षांच्या आत, मार न लागता दात हलायला लागला, तर मात्र थांबू नये; त्यामागं आजार असू शकतो.

मग आबांनी त्यांच्या धंद्यातला प्रश्न विचारला.

आबा : जनावराचं वय आमी दातावर सांगतो. पोराचं सांगता येतं का?

ताई : येतं की. खालचे मधले दोन सहाच्या सुमाराला जातात, वरचे मधले सातला, त्यांच्या शेजारचे सात-आठला. मग दीड-दोन वर्षं काहीच पडत नाही. दहा ते बारा या वयात सुळे आणि दुधाच्या दाढा. वर्षभर इकडंतिकडं होतं, पण क्रम सहसा हाच. इंग्लंडमध्ये तर यावर कायदा चालवायची वेळ आली होती. १८३३ च्या कायद्यानं कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला घ्यायची बंदी झाली. पण जन्माची सरकारी नोंद कुठं होती? आईबाप गरजेपोटी वय वाढवून सांगायचे. मग १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्यानं हजारावर मुलांचे दात तपासून पार्लमेंटपुढं मांडलं की मुलाच्या उंचीपेक्षा त्याचे दात वय खरं सांगतात.

हे ऐकताना मला आमच्या शाळेची जुनी रजिस्टरं आठवली. त्यांत १ जून ही जन्मतारीख पानोपानी दिसते. पोराचा जन्म कधी झाला हे घरात पावसावरून, नाहीतर दुष्काळावरून सांगायचे. गुरुजी १ जून घालायचे. शाळेत घ्यायची परीक्षा एकच होती, उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागला पाहिजे. हात कानाला पोचण्याचं वय आणि पहिला दात हलण्याचं वय एकच, सहाच्या आसपास. गुरुजी कानाकडे बघायचे. गिरणीतल्या पोराच्या तोंडात बघून सॉन्डर्सनं त्याचं लहानपण शाबीत करायचा प्रयत्न केला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आबा : ते झालं. पन दात पडल्यावर तुमी काय करता? हल्ली शेरातली पोरं उशाखाली ठिवत्यात म्हनं, रुपयं मिळत्यात. आमी शेनाच्या गोळ्यात घालून माळवदावर टाकायचो, आन् उंदराला सांगायचं, माजा घे, तुजा दे.

ताई : माळवदं गेली, आता स्लॅबवर टाका. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून लोकांनी उंदीर निवडला असावा. आणि तो फक्त आपल्याकडं नाही. स्पेनमध्ये आठ वर्षांच्या राजाचा, तेराव्या आल्फोन्सोचा दात पडला, तेव्हा त्याच्यासाठी १८९४ मध्ये लुईस कोलोमा या लेखकानं पेरेझ नावाच्या उंदराची गोष्ट लिहिली. तिथली मुलं आजही दात त्या उंदरासाठी ठेवतात. जपानमध्ये खालच्या जबड्यातला दात छपरावर फेकतात, वरचा घराखाली. नवा दात त्या दिशेनं वाढावा म्हणून.

आबा : राजाला बी उंदीरच लागला, बग!

ताई : या रीतीला मी कधीच नाही म्हणत नाही. पोराच्या हातातला रक्ताळलेला तुकडा काही क्षणांत त्याच्या कामगिरीची खूण होतो. घरातली सगळी माणसं अंगणात येतात, त्याचं नाव घेतात. हे माझ्या दवाखान्यात होऊ शकत नाही. फक्त मामाची गोष्ट सोडा.

आबा : वरचा दात आदी आला तर मामाला जड, ती?

ताई : तीच. दहा महिन्यांच्या लेकराकडं मामाच्या घरचे वाकड्या नजरेनं बघतात. वरचा आधी आला काय, खालचा आधी आला काय, कुणाला काही जड नसतं.

आबांनी मान हलवली, पण ‘हो’ म्हणाले नाहीत. ताईनंही ताणलं नाही. पडलेल्या दाताबद्दल तिला आणखी सांगायचं होतं.

ताई : छपरावर फेकता त्या दातात काय असतं ते सांगू? दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात, चौथ्या महिन्यात. जन्माच्या वेळी त्यांच्यावरचं कवच अर्धवट झालेलं असतं. जन्म ही बाळाच्या शरीराला मोठी खळबळ. ती त्या कवचात बारीक रेघ होऊन राहते, सूक्ष्मदर्शकात दिसते. रेघेच्या आतला भाग आईच्या पोटातला, बाहेरचा जन्मानंतरचा. आईनं काय खाल्लं-प्यायलं त्याचाही अंश त्यात उतरतो. १९५८ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस शहरात बायकांनी आणि डॉक्टरांनी मिळून मुलांचे पडलेले दात गोळा करायला सुरुवात केली. बारा वर्षांत तीन लाखांच्या आसपास दात जमले. अणुबॉम्बच्या चाचण्यांतून उडालेलं स्ट्राँशियम-९० गवतात, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून लेकरांच्या दातांत उतरलं होतं, हे त्या दातांनी दाखवलं. १९६३ मध्ये जमिनीखालच्या सोडून बाकीच्या चाचण्या बंद करायचा करार झाला, त्याच्यामागं ज्या गोष्टींचं वजन होतं त्यांत हे दातही होते.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले,

आबा : आमची थोरली भात्तरची. १९७२ चा दुष्काळ. मिलो आन् सुकडी खाऊन तिच्या आईनं तिला पाजलं. तिच्या पुढच्या पक्क्या दातांवर आडव्या रेगा हायत्या, खड्डं हायतं. लग्नाच्या टायमाला पाव्हनं म्हनालं, दात खराब हायत्यात पोरीचं. आमी म्हनलं, घासत नसंल.

ताई : एकीच्या दातावरून मी खात्रीनं सांगणार नाही आबा, कडक तापानंही तसं होतं. पण पुढच्या पक्क्या दातांचं कवच जन्मानंतर काही महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंत घडत असतं. त्या काळात पोट भरलं नाही, आजारपण गेलं, तर कवच तेवढ्या पट्ट्यात पातळ राहतं आणि ती रेघ जन्मभर तशीच राहते. घासण्यानं ती येत नाही आणि घासण्यानं जातही नाही. अक्काला कुणी बोल लावायला नको होता.

माणदेशातल्या किती बायकांनी हा बोल ऐकला असेल. दुष्काळाचे आकडे सरकारी अहवालात असतात. तो दातांवर वागवत जगलेल्या माणसांकडे मात्र आपण ‘नीट घासत नाही’ म्हणून बघितलं.

मग खरा वाद झाला. आबांनी विषय झटकायला म्हणून एक वाक्य टाकलं आणि ताई पहिल्यांदा तापली.

आबा : ते काई असू दे. दुधाचं दात हे पडायचं दात. कीड लागली तरी काय, दुखलं तरी काय. पडत्यात आन् नवं येत्यात. त्यावर पैसा घालायचा नसतो.

ताई : आबा, तुम्ही दात मोजण्यात वस्ताद. या पोराला उजेडाकडं तोंड करून बसवा आणि खालचे दात मोजा. अजून एकही पडलेला नाही त्याचा. किती भरायला पाहिजेत?

आबा : वीसाचं निम्मं. धा.

ताई : मोजा.

आबांनी सवयीनं पोराचा ओठ खाली केला, बोट फिरवलं. मग पुन्हा मोजलं.

आबा : बारा हायत्यात.

ताई : ते जास्तीचे दोन कोणते? दोन्हीकडचे शेवटचे. त्या पक्क्या दाढा आहेत. सहाव्या वर्षी येतात, दुधाच्या दाढांच्या मागं, आणि कुठलाही दात न पाडता येतात, म्हणून घरात कुणाला कळतच नाही. सगळे त्यांना दुधाचंच समजतात. आता तिच्या पुढची, डावीकडची दाढ बघा. काळा खड्डा. ही दुधाची आहे, पण पडणार कधी? अकराव्या-बाराव्या वर्षी. म्हणजे या किडक्या दाढेवर पोरानं अजून पाच वर्षं भाकरी चावायची. तुम्हाला वाटतं पुढचा दात हलतोय म्हणून तो चावत नाही. तो या दाढेमुळं चावत नाही. बघा, सगळं उजवीकडनं खातोय.

आबा : मग ती काडून टाक.

ताई : काढली तर मागची पक्की दाढ पुढं सरकते आणि जागा खाते. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी ही दाढ खालच्या पक्क्या दातासाठी जागा धरून बसलीय. रुमाल गेला की जागा गेली, मग तो दात आडवातिडवा येतो नाहीतर हाडातच अडकतो. काढावीच लागली तर जागा धरणारी तार बसवावी लागते. आणि तशीच ठेवून पू झाला, तर खाली घडत असलेल्या पक्क्या दाताचं कवच बिघडतं. त्यात ही कीड मागच्या नव्या दाढेला लागायला किती वेळ? ती दाढ गेली तर तिच्यामागून दुसरी येत नाही.

आबा : आमी राखुंडीनं नाहीतर बाभळीच्या काडीनं घासलं. आमाला कुठं कीड लागली? सत्तरीपातूर ऊस सोलून खाल्ला.

ताई : काडीमुळं वाचला नाहीत, साखर नव्हती म्हणून वाचलात. तुमच्या घरात गूळ सणाला निघायचा. याला सकाळी चहात बुडवून बिस्किटं, दुपारी पाच रुपयांचा पुडा, निजताना पुन्हा साखरेचं दूध. दर वेळी गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल करतात आणि अर्धा-पाऊण तास दात त्यात भिजतो. दिवसातून सहा वेळा खाल्लं तर सहा वेळा. गोड द्यायचं तर जेवणाबरोबर द्या, मधे मधे नको. आणि रात्री फ्लोराईडच्या पेस्टनं, वाटाण्याएवढ्या, मोठ्या माणसानं घासून द्यायचं. या वयात मुलाला स्वतःला नीट घासता येत नाही.

आबा : बोलायला सोपं हाय बाई. म्हसवडवरनं सातारला दाकवायला न्यायचं म्हंजी एक दिस मोडला, एकाचा रोजगार गेला. ऊसतोडीला जानाऱ्यानं, मेंढरं घिऊन भायर पडल्याल्यानं काय करायचं? फडावर कोन पेस्ट लावतंय? दुधाच्या दातावर दवाखाना ही पैशेवाल्याची चैन हाय.

माझ्या मते इथं आबा पूर्ण बरोबर होते. ताईनंही ते मान्य केलं, आणि ती उगीच समजूत घालत बसली नाही.

ताई : खरं आहे. हे तुमचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. आम्ही दवाखाने मोठ्या गावांत काढून बसलो. पण दोन गोष्टी आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं, आणि दातांची कीड त्यांच्या तपासण्यांत आहे. त्यांनी लिहून दिलं की पुढचे उपचार सरकारी दवाखान्यात फुकट. दुसरं, प्रत्येक किडीला कोरावं लागत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड नावाचं औषध आहे. थेंबभर खड्ड्यावर लावलं की बहुतेक कीड तिथंच थांबते. दाढ काळी पडते, पण टिकते. सुई नाही, मशीन नाही. आणि नव्या पक्क्या दाढेच्या खोल खाचा कीड लागायच्या आत बुजवता येतात, तेही न दुखता.

आबा : शाळेत येत्यात तर मास्तरनी सांगायला नको?

हा प्रश्न मला होता. पथक येतं तेव्हा सबंध शाळा एका सकाळी तपासायची असते, डॉक्टरांपुढं पोर क्षणभर आ करतं. पोर कुठल्या बाजूनं चावतं, रात्री दाढ धरून रडतं का, हे त्या क्षणात दिसत नाही. ते घरानं शिक्षकाला आणि शिक्षकानं पथकाला आधी सांगायला हवं. पहिलीच्या प्रत्येक मुलाची अशी चिठ्ठी करणं शिक्षकाला जड नाही, आणि ते आम्हीच करायला हवं.

ताईनं डाव्या दाढेला ते औषध लावायचं ठरवलं. पुढचा हलणारा दात तसाच राहिला. आबा तिच्याशी सगळ्या बाबतींत सहमत झाले नाहीत. दुधाच्या दातावर तार बसवणं त्यांना अजून पटत नाही आणि मामाची गोष्टही त्यांनी सोडलेली नाही. माझा कौल मात्र असा आहे: पुढच्या हलत्या दाताबाबत आबांनी हात आवरावा, आणि मागच्या दाढेबाबत आपण सगळ्यांनीच हात हलवावा. आपल्याकडं याच्या नेमकं उलटं चालतं. आपोआप पडणाऱ्या दाताभोवती घर गोळा होतं आणि राखायच्या दाताकडं कुणी बघत नाही.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल, तर आज संध्याकाळी त्याला उजेडाकडं तोंड करून बसवा. ऊसतोडीला किंवा मेंढरांमागं बाहेर पडणाऱ्यांनी हे दिवाळीआधी करावं. खालच्या जबड्याच्या मधोमधपासून एका बाजूला मागं मोजत जा. पुढचा एखादा पडला असला तरी त्याची जागा मोजा. पाचापर्यंत दुधाचे. सहावा लागला, तर तो या महिन्यातच दाताच्या डॉक्टरांना दाखवा, कारण तो पक्का आहे आणि त्याच्या जागी पुन्हा दात येत नाही.